साथ जाते, मागे काय ठेवते?

गेल्या भीमजयंतीच्या आधी आम्ही आमच्या विहारातील पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन परळला गेलो होतो. पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळींपैकी पहिल्या नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आहेत. परमपूज्य बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ च्या सुमारास इथे राहायला आले आणि १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात जाईपर्यंत इथेच राहिले. 'मूकनायक', बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह ही सारी वर्षे या दोन खोल्यांनी पाहिली. मुलांनी वंदन केले, फोटो काढले. जिना उतरताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, बी.आय.टी. म्हणजे कॉलेज ना? मग चाळीला कॉलेजचे नाव कसे?"

बरोबरची मुले हसली. आम्ही हसलो नाही, कारण आमच्या वयाच्या किती जणांना याचे उत्तर देता येईल याची आम्हाला शंका आहे. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. हा ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला तो प्लेगमुळे. प्लेग आला नसता तर हा ट्रस्ट झाला नसता आणि बाबासाहेब राहिले ती चाळही उभी राहिली नसती.

त्या मुलीला दिलेले उत्तर पुरे झाले नाही असे घरी आल्यावर वाटत राहिले. कोरोनाची साथ आपण सर्वांनी सोसली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपणही तो विषय संपवला. परंतु लांबलेली साथ अशी संपत नसते. ती माणसांचे काम, घर, शाळा, लग्नकार्य बदलून जाते आणि तो बदल पुढच्या पिढ्यांना जन्मापासूनचा वाटू लागतो. तेव्हा प्लेगने काय मागे ठेवले आणि कोरोनाने काय ठेवले, याचा जमाखर्च एकदा मांडलाच पाहिजे.

प्लेगची मुंबई

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग झाला. १८९६ च्या सप्टेंबरात तो मुंबईच्या मांडवी भागात आढळला. मांडवी म्हणजे बंदराजवळचा धान्याच्या गोदामांचा भाग. धान्य तिथे उंदीर, आणि उंदरांवरच्या पिसवांतून हा रोग माणसाला होतो. पण हे तेव्हा ठाऊक नव्हते. रोग हवेत आहे, जमिनीत आहे, गरिबांच्या घाणीत आहे अशी समजूत होती. म्हणून गरिबांची घरे धुतली गेली, छपरे उघडली गेली, सामान जाळले गेले. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई.

लोक घाबरले. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे निघून गेली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. साथ एका हंगामात गेली नाही. दर हिवाळ्यात परत येत ती वीस-पंचवीस वर्षे राहिली, आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली.

या पळापळीत गिरण्यांचे हाल झाले. मालकांची पद्धत अशी की पगार महिन्याने द्यायचा, तोही मागे ठेवून, म्हणजे कामगार सोडून जाणार नाही. प्लेगात माणूसच मिळेना. तेव्हा नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागू लागली आणि मालकांना रोजच्या रोज मजुरी देणे भाग पडले. माणसे परत आल्यावर मालकांनी ही रोजची मजुरी बंद करण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरून संप झाले. साथीत मिळालेली सवलत साथीनंतर आपोआप टिकत नाही. तिच्यासाठी भांडावे लागते, हे मुंबईच्या कामगाराने तेव्हाच पाहिले.

हलालखोरांची धास्ती

त्या काळातील आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर स्नो नावाचे इंग्रज गृहस्थ होते. शहरात सक्तीने रोगी हलवण्याचा हुकूम निघाल्यावर त्यांना सर्वांत मोठी धास्ती वाटली ती श्रीमंतांची नव्हे, व्यापाऱ्यांचीही नव्हे. त्यांना भीती होती की मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले बिगारी घाबरून मुंबई सोडून जातील. ते गेले तर हे शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. त्यासाठी हुकमाचा जोर कमी करावा लागला.

ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या हातावर सारे शहर उभे होते. एरवी हे कोणी बोलत नाही. साथ आली की ते उघडे पडते.

पुण्यातल्या प्लेगची हकीकत शाळेत सर्वांनी वाचली आहे. रँड साहेब, सोल्जरांनी घेतलेल्या झडत्या, २२ जून १८९७ चा खून. परंतु त्याच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई फुले प्लेगनेच गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीमाईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली. पासष्टी ओलांडलेली बाई, रोगी अस्पृश्याचा मुलगा, आणि शिवायलाही माणसे भिताहेत असा रोग! आपल्या घरातील मुलींना सावित्रीमाई शाळेमुळे माहीत असतात. त्यांचा मृत्यू कसा झाला हेही सांगत चला.

पाडलेली घरे आणि बांधलेल्या चाळी

प्लेगने मागे काय ठेवले? पहिले म्हणजे कायदा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. हाच कायदा आपल्यावर २०२० मध्ये लागू झाला. साथ गेली, इंग्रज गेले, कायदा १२३ वर्षांनी पुन्हा कपाटातून निघाला. दुसरी म्हणजे लस. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांच्या नावाची संस्था आजही आहे.

तिसरे म्हणजे घरे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातले. दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. खोलीत उजेड यावा म्हणून समोरची इमारत ६३॥ अंशांच्या कोनाच्या आत असावी असा हिशेब ट्रस्टने घातला. दोन इमारतींत किती जागा सोडायची याचा विचार मुंबईत तिथून सुरू झाला. आणि कामगारांसाठी आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव, परळ अशा भागांत चाळी बांधल्या. त्याच या बी.आय.टी. चाळी.

परंतु हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. ट्रस्टने जितक्या लोकांना उठवले तितक्यांना घरे दिली नाहीत. दाटी मोडायला निघालेल्या ट्रस्टमुळे उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. नव्या वसाहती मध्यमवर्गाला मिळाल्या, रुंद रस्ते व्यापाराला मिळाले. कामगाराच्या वाट्याला एक खोली, सामाईक नळ आणि सामाईक संडास आला. तोही ज्याला मिळाला त्याला.

तरीसुद्धा त्या खोलीचे मोल आम्ही कमी मानत नाही. त्याआधी आंबेडकर कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत माणसे आणि त्याच खोलीत अभ्यास. परळच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. एक संसाराला, दुसरी पुस्तकांना आणि भेटीला येणाऱ्या माणसांना. एका ज्यादा खोलीने काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१९१८ चा आकडा

प्लेग चालू असतानाच १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. बाबासाहेब त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या वर्षाची मुंबईची सरकारी आकडेवारी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा वही खाली ठेवावी लागली. दर हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, स्पृश्य हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि सरकारने ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले होते त्यांच्यात ६१.६.

एकच शहर, एकच रोग, एकच महिने. रोगजंतू जात विचारत नाही असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण खोलीत किती माणसे निजतात, पोटात काय आहे, डॉक्टर किती लांब आहे आणि तो आत येतो की उंबऱ्यावरून बोलतो, या गोष्टी मात्र जात विचारतात. ६१.६ हा आकडा रोगाचा कमी आणि समाजाचा जास्त आहे.

आमच्या काळातील साथ

आता २०२० कडे येऊ. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. प्लेगसारखीच माणसे पुन्हा गावाकडे निघाली, तीही पायी. ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. १८९७ मध्ये गिरण्या चालू होत्या आणि माणसे नव्हती, म्हणून मजुराला भाव आला. २०२० मध्ये कामच बंद होते, म्हणून मजुराला कोणी थांबवलेही नाही.

त्या वर्षी भीमजयंती आपण घरातच केली. दीक्षाभूमीवर सोहळा झाला नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी सुनी राहिली आणि आपण मोबाइलवर अभिवादन केले. आमच्या वस्तीतील एक वृद्ध आजी वर्षानुवर्षे न चुकता चैत्यभूमीला जात असत. त्या दिवशी त्यांनी पांढरे लुगडे नेसले, दारात बसून राहिल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत.

त्याच दिवसांत 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द आला. मराठीत त्याचे 'सामाजिक अंतर' झाले. ज्यांच्या आजोबांनी गळ्यात मडके बांधल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागला असेल? खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने शारीरिक अंतर असा शब्द वापरायला सुरुवात केली. आपणही 'सुरक्षित अंतर' म्हणावे. आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असताना अंतर ठेवायचे कुठे, हा प्रश्न शब्द बदलल्याने सुटत नाही. तो मांडवीच्या चाळीतला १८९६ चाच प्रश्न आहे.

काम, शाळा आणि पैसा

कोरोनाने मागे काय ठेवले? आमच्यासारख्या कचेरीत काम करणाऱ्यांना पहिला बदल टेबलावर दिसला. कागदाची फाइल संगणकात गेली. अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती, प्रवेश यांची कामे आधीच मोबाइलकडे सरकत होती, साथीने त्यांना ढकलून दिले. ज्याला येते त्याची खेप वाचली. ज्याला येत नाही त्याला एजंटाकडे पन्नास-शंभर रुपये मोजावे लागतात. घरी बसून काम करण्याची सोय काही कंपन्यांतील नोकरदारांना मिळाली आणि अंशतः टिकली. झाडूवाला, धुणेभांडी करणारी बहीण, बिगारी, वॉचमन यांचे काम घरून होत नाही. त्यांच्या घरातील मुलगा मात्र आता गाडीवर डबे आणि पार्सले पोहोचवतो. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, आणि मालक कोण हेही नीट माहीत नसते.

कामाच्या तासांचेही तेच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. साथीच्या नावाखाली १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने दिवसाचे तास ९ वरून १२ केले आणि ज्यादा कामाचा दुप्पट दरही काढून घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. पण कल्पना रद्द होत नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यांत कामगाराच्या संमतीने १२ तासांना मान्यता दिली. हातावर पोट असलेल्याची संमती म्हणजे काय असते हे कामगारांना सांगायला नको.

शाळांचे नुकसान सर्वांत खोल आहे. जे मूल मार्च २०२० मध्ये पहिलीत होते त्याने दुसरी आणि तिसरीची बहुतेक शाळा मोबाइलवर पाहिली. घरात एक मोबाइल आणि मुले तीन असतील तर मोबाइल कोणाला मिळाला? मोठ्या मुलाला. मुलगी भांडी घासत बाजूने ऐकत होती. आमच्या अभ्यासिकेत आज येणाऱ्या काही मुलांना अजून भागाकार येत नाही. ती मुले मंद नाहीत. त्यांची दोन वर्षे त्यांना कोणी परत दिलेली नाहीत, एवढेच.

पैशाचा व्यवहारही बदलला. मार्च २०२० मध्ये यूपीआयवरून महिन्याला सुमारे १२५ कोटी व्यवहार होत. ऑगस्ट २०२३ मध्ये ते १००० कोटींवर गेले. आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या टोपलीजवळही आता चौकटीचा कागद आणि पैसे आल्याचे बोलणारा डबा आहे. आम्ही सहज विचारले, "मावशी, पैसे कोणत्या खात्यात जातात?" त्या म्हणाल्या, "पोराच्या." पूर्वी कनवटीला लावलेला पैसा त्यांचा होता. आता पहाटे तीनला उठून बाजारात जायचे त्यांनी, आणि दहा रुपये हवे असले तर मागायचे मुलाकडे. घरोघरी हा प्रश्न विचारून बघा.

एक चांगला बदल, जो आपण घालवला

साथीत लग्नाला प्रथम ५० आणि पुढे २५ माणसांची मर्यादा आली. आमच्या वस्तीत त्या काळात काही मंगल परिणय झाले. विहारात किंवा घरासमोर त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, साधे जेवण आणि अर्ध्या दिवसात कार्य पार. बाबासाहेबांना अपेक्षित असलेली साधी, बिनखर्चाची पद्धत आपण सक्तीने का होईना, पण पाळली. कोणाचे काही अडले नाही.

निर्बंध उठले आणि हॉल, डी.जे., हळदीचा वेगळा मांडव सारे परत आले. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब सांगतो. लग्नासाठी तीन लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ६,६७३ रुपये बसतो. एकूण फेड चार लाखांवर जाते. म्हणजे एका दिवसाच्या थाटासाठी लाखभर रुपये नुसते व्याज. पाच वर्षांनी त्या घरात मूल बालवाडीत जाते, तेव्हा हप्ता संपत आलेला असतो आणि फीला पैसे नसतात. कामाचे वाढलेले तास आपण परतवू शकलो नाही, हे समजू शकते. पण ही चांगली सवय तर आपल्याच हातात होती!

हजेरीपटावरचे नाव

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या वस्तीतील एक भाऊ एका इस्पितळात कंत्राटदारामार्फत सफाईचे काम करीत होते. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांना लागण झाली आणि आठ दिवसांत ते गेले. मागे पत्नी आणि दोन मुले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते न्यूमोनिया.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळू लागले. दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले होते. आम्ही त्या भगिनीबरोबर बसून अर्ज भरला. तपासणीचा अहवाल मुलाच्या मोबाइलमधील जुन्या संदेशांत सापडला. पैसे मिळाले.

पण सरकारने आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला होता. त्यात कंत्राटी आणि रोजंदारीचे कामगारही धरले होते. फक्त मृत माणूस कोरोनाच्या कामावर होता असे संस्थेने लिहून द्यायला हवे होते. इस्पितळ म्हणाले, नाव आमच्या यादीत नाही, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, हजेरीपट इस्पितळात दिला आहे. पुढे कंत्राटदारच बदलला. भाऊ रोज त्या वॉर्डात लादी पुसत होते, हे तिथल्या प्रत्येक नर्सला माहीत होते. कागदाला माहीत नव्हते. पन्नास लाख आणि पन्नास हजार यांमधले अंतर एका सहीचे होते.

आम्ही आयुष्यभर कागदाचे काम करतो. तरी भाऊ जिवंत असताना त्यांना एकदाही विचारले नाही की, "भाऊ, तुमचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? पगाराची पावती मिळते का?" हा दोष इस्पितळाचा आणि कंत्राटदाराचा आहेच. पण त्यात आमचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो. त्या भगिनी आज दोन घरी धुणेभांडी करतात. मोठा मुलगा अकरावीत आहे.

स्नो साहेबाच्या काळात हलालखोर निघून जातील या भीतीने सरकार हलले. आज तेच काम करणाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत नसते, म्हणून तो गेला तरी कोणाचे अडत नाही. दुसरा येतो. एकशे पंचवीस वर्षांत झालेला हा बदल आपल्या बाजूचा नाही.

आपण काय करावे?

तथागतांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता आणि बाकीचे भिक्षू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला स्वच्छ केले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. त्यांनी चमत्कार केला नाही. पाणी आणले, हात लावला आणि सर्वांसाठी नियम घालून दिला. आपल्यालाही एवढेच करायचे आहे.

आमच्या विहारात आम्ही तीन कामे सुरू केली आहेत. पहिले म्हणजे नोंदवही. वस्तीतील प्रत्येक कंत्राटी कामगाराचे नाव, कामाचे ठिकाण, कंत्राटदाराचे नाव, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि ई-श्रम कार्ड आहे की नाही, हे एका वहीत लिहितो. रविवारी वंदनेनंतर एक तास हे काम चालते. कामावरचा एखादा फोटो, पगाराचा एखादा संदेश, ओळखपत्राची प्रत घरी फाइलमध्ये ठेवायला सांगतो. दुसरे म्हणजे महिला मंडळातर्फे प्रत्येक कमावत्या भगिनीचे स्वतःच्या नावावर खाते उघडून तिचा चौकटीचा कागद तिच्याच खात्याला जोडून घ्यायचा. तिसरे म्हणजे ज्या मुलांची दोन वर्षे बुडाली त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी अभ्यासिका. शिकवायला निवृत्त शिक्षक येतात, कॉलेजची मुलेमुली येतात.

या कामांना मोठा निधी लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक मोबाइल आणि नेमाने येणारी चार माणसे लागतात. नेमाने येणारी माणसे मिळणे कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. सुरुवातीला बाराजण होतो, आता पाच आहोत.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण येणार हे नक्की. तेव्हा पुन्हा कायदे निघतील, याद्या होतील, मदत जाहीर होईल, कोणाची तरी घरे पाडली जातील आणि कोणाला तरी मिळतील. काय राहील आणि काय जाईल हे रोगजंतू ठरवणार नाहीत. ज्यांची नावे वहीत असतील आणि ज्यांची माणसे बोलायला उभी असतील, त्यांच्या बाजूने ते ठरेल.

परळच्या जिन्यात प्रश्न विचारणारी मुलगी त्या सफाई कामगार भावांची धाकटी लेक आहे. रविवारी नोंदवहीतली नावे तीच लिहिते. अक्षर चांगले आहे. मागच्या रविवारी तिने नवे पान उघडले आणि विचारले, "काका, बाबांचे नाव पण लिहू का?" आम्ही म्हणालो, "लिही बाळ. पहिल्या ओळीत लिही."

जयभीम!